कार्डावरचं कुंकू

किन्हीराजात रामराव गोट्यांच्या घराचा पत्ता विचारला की लोक म्हणत, "कॉम्प्युटरवाल्या रामरावाचं न? मारुतीच्या पारापासून डाव्या अंगाले." आता पोरासोरांच्या हातात मोबाइल आले, चार घरांत लॅपटॉप आले, पण पत्ता काही बदलला नाही. रामरावांनी तो बदलू दिला नाही. थोरला मुलगा उत्कर्ष कॉलेजात होता तेव्हा त्यांनी तो कॉम्प्युटर अकोल्याहून एस्टीनं मांडीवर घेऊन आणला होता. कंडक्टर म्हणाला, खोकं टपावर टाका. रामराव म्हणाले, "मले टाक टपावर, याले नाही." ही हकिगत त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की कंडक्टर आला रे आला, की त्यांची बायको विजयमालाबाई पुढचं वाक्य आपणच म्हणून टाकत आणि चहा ठेवायला उठत.

उत्कर्ष पुण्याला नोकरीला लागला, लॅपटॉपवाला झाला. कॉम्प्युटर घरीच राहिला आणि त्यात त्यानं गेम खेळायच्या हौसेनं बसवलेलं ग्राफिक्स कार्डही राहिलं. दर दिवाळीला तो म्हणे, "बाबा, भंगारात द्या आता ते." दर दिवाळीला रामराव विचारत, "मी बी जुनाच हाय. मले कवा देतो?"

कॉम्प्युटर भंगारात गेला नाही तो धाकट्या सुनेमुळे. रूपाली मेडशीची. लग्नाआधी मालेगावला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. शेती बघणाऱ्या गोलूशी लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा कॉम्प्युटर अंगावर शाल घेऊन बसलेला होता. ग्रामपंचायतीनं रामरावांचा सत्कार केला होता, त्यातली ती शाल. रूपालीनं शाल काढली, घडी करून सासऱ्यांच्या हातात दिली आणि बटण दाबलं. आधी वाढदिवसाचे बॅनर झाले, मग लग्नाचे फोटो, मग लग्नाचे व्हिडिओ. आमच्याकडे त्याला मिक्सिंग म्हणतात. पाचपन्नास लग्नांचं मिक्सिंग त्या म्हाताऱ्या मशीनवर झालं. रात्री रूपाली झोपायला गेली की रामराव हळूच ती शाल परत पांघरत. मशीन चालू असली तरी पांघरत. धूळ बसू नये म्हणून.

यंदा गावानं ठरवलं, भाऊबीजेच्या संध्याकाळी गावच्या लेकींचा मेळावा घ्यायचा. किन्हीराजातून लग्न होऊन गेलेल्या जेवढ्या सापडतील तेवढ्या साऱ्या लेकी बोलवायच्या, जेवू घालायचं, ओटी भरायची आणि पडद्यावर गावाचा सिनेमा दाखवायचा. सिनेमा कोणी करायचा यावर पारावर बैठक बसली. रामरावांचा पुतण्या हरीओम याचा वाशीमला फोटोस्टुडिओ. तो म्हणाला, मी करतो. बैठक उठणारच होती, तेवढ्यात रामराव उभे राहिले.

"काहून? माही सून मेली का? घरात मशीन हाय, करणारी हाय. गावचा सिनेमा गावातच होईन."

सुनेला विचारलं नव्हतं, हे घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. रूपाली कणीक मळत होती. सारं ऐकून घेऊन ती म्हणाली, "बाबा, पहिले मले त इचाराचं." असं म्हणाली खरी, पण कणकेवर मुठी जरा जोरातच पडू लागल्या. रामरावांना ते बरोबर दिसलं. घरात लग्न निघालं की माणूस जसा चालतो तसे ते दोन दिवस चालत होते.

मग रूपाली मोबाइल घेऊन गावभर हिंडली. शाळा, शाळेमागची बोर, वेशीवरची विहीर, पोरी जिथं लंगडी खेळायच्या ती देवळामागची जागा. लखमा नावाचा म्हातारा गुराखी होता, त्यानं कोणती लेक लहानपणी कोणत्या गाईला भ्यायची ते नावानिशी सांगितलं. भागिरथाबाईंची लेक उज्ज्वला सुरतेकडे दिलेली, कैक वर्षांत आली नव्हती. या वेळी तिनं येते म्हणून निरोप धाडला होता. भागिरथाबाई मोबाइलसमोर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "उज्ज्वला, तू गेली तवाचा तुहा झोका मी काढला नाही. दोर बदलला, झोका तोच हाय." त्यापुढं त्यांना बोलवेना. रूपालीनं तेवढंच ठेवलं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा सिनेमा जवळजवळ उरकला होता. सगळे तुकडे जोडून झाले होते, आता ते एका फाइलीत बाहेर काढायचे एवढंच बाकी होतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, म्हणतात ना, तसं झालं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी रूपालीनं फाइल काढायला लावली आणि अनारसे तळायला गेली. परत येऊन बघते तर पडद्यावर भागिरथाबाईंच्या तोंडावर हिरवे-जांभळे चौकोन, त्यावर आडव्या पट्ट्या. मग पडदा काळाठिक्कर. कॅबिनेटमधून गिरणीत खडा अडकल्यासारखा आवाज, आणि मशीन आपोआप बंद.

"टीव्ही गेला वाटते," रामराव म्हणाले. स्क्रीनला ते टीव्हीच म्हणत. त्यांनी तिला बाजूनं एक चापट दिली. आमच्याकडे रेडिओपासून म्हशीपर्यंत सगळ्यांवर हा इलाज होतो.

"मारू नोका बाबा, तिचा काई गुन्हा नाही." रूपालीनं मागची वायर कार्डातून काढली, मशीनच्या दुसऱ्या खाचेत लावली आणि चालू केली. चित्र स्वच्छ आलं. "पाहा. स्क्रीन चांगली हाय, वायर चांगली हाय. दुखणं कार्डात हाय."

"मंग कार्डाबिगर काढ."

"निंघन न. पण तुळशीच्या लग्नापर्यंत पुरन. सारं जड काम थे कार्डच करते."

पुण्याला फोन लावला. उत्कर्षला यंदा सुट्टी नव्हती. तो म्हणाला, कार्ड चालवणारा प्रोग्राम बिघडला असेल, काढून पुन्हा टाक. रूपालीनं तो काढला, पुन्हा टाकला. फाइल निम्म्यापर्यंत गेली आणि पुन्हा चौकोन, पुन्हा पट्ट्या, पुन्हा काळोख. उत्कर्ष म्हणाला, मग कार्ड काढून त्याचे सोनेरी दाते खोडरबरनं पुसून पुन्हा बसव. तिनं झाकण उघडलं. कार्ड आत खोलवर आडवं बसलेलं, पंख्याचं तोंड खाली. खाली हात घालून तिनं ते चाचपतच काढलं, दाते पुसले आणि तशीच घाईनं परत बसवलं. या वेळी फाइल अगदी थोडी पुढं गेली आणि मशीननं मान टाकली. शेवटी उत्कर्ष म्हणाला, "रूपाली, मी म्हंतच होतो. आता नवीनच घ्या."

रूपाली पाटावर बसून राहिली. तिच्या तोंडावर जे होतं ते रामरावांना बघवेना. पारावर शब्द त्यांनी दिला होता, पण दारोदार ती हिंडली होती. सिनेमा हरीओमच्या हातात गेला तर तो चांगलाच करील, पण नाव स्टुडिओचं लागेल, आणि गाव म्हणेल, बायामाणसाचं काम ते, अर्ध्यावर सुटलं. या विचारानंच रामरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते मशीनभोवती एक फेरी मारून आले आणि एकदम थांबले.

"रूपाली, एक सांग. थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा चालते. चालवली की थोड्या वेळानं बंद पडते. जास्त काम देलं की लवकर पडते. बराबर?"

"हो."

"अवं मंग हे त विहिरीवरच्या मोटारीचं दुखणं हाय! गरम होऊन राह्यली ते. तिले हवा भेटून नाही राह्यली."

रूपालीनं वर बघितलं. मग घाईघाईनं मशीन चालू करून कार्ड किती तापतंय ते दाखवणारी खिडकी उघडली. आकडा तव्यावरच्या भाकरीसारखा फुगत चालला होता. "बाबा!" ती म्हणाली, "तुमी बराबर बोलले! पंखा फिरून नाही राह्यला. दसऱ्यापासून थो घरघर आवाज हाय, अन् मी आपली प्रोग्राम तपासून राह्यली!"

रामरावांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं असतं तर तुटलं असतं. विजयमालाबाई तळण सोडून आल्या, त्यांनाही त्यांनी ऐकवलं, "पुण्याच्या इंजिनिअरले नाही समजलं. आपल्याले समजलं." पण 'दसऱ्यापासून' हा शब्द त्यांच्या कानात जरा मागून शिरला, आणि शिरला तसा तिथंच खुपत बसला.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, ज्याच्यावर आपलं पोट चालतं ते सारं पुजायचं. रामरावांच्या घरी कॉम्प्युटरही पुजला जाई. वर्षानुवर्षं ते त्याच्या टपावर एक बोट कुंकू लावत. यंदा मात्र भक्तीला भरती आली. एक तर गावाचा सिनेमा त्याच्यावर होत होता. दुसरं म्हणजे रूपाली सीमोल्लंघनाचं शूटिंग करायला वेशीवर गेलेली, अडवणारं कोणी नव्हतं. रामरावांनी विचार केला, टपावर कुंकू लावणं म्हणजे पाहुण्याला दारातूनच पाणी पाजणं. त्यांनी बाजूचं झाकण उघडलं. मशीन बंद करायची नाही, झोपलेल्या देवाची कोणी पूजा करतं का? तर चालू मशीनच्या उघड्या पोटावर त्यांनी हळद-कुंकवाच्या चिमट्या वाहिल्या, अक्षता वाहिल्या, तुपाचं निरांजन ओवाळलं, आणि उदबत्त्यांचा जुडगा असा धरला की आतला पंखा धूर भराभर ओढून घेऊ लागला. देव नैवेद्य घेतोय असं वाटून त्यांना भरून आलं होतं. मग झाकण लावलं. वरून शाल पांघरली.

हे सगळं त्यांना आता एकदम आठवलं.

रूपालीनं कार्ड पुन्हा बाहेर काढलं आणि या वेळी पालथं करून उजेडात धरलं. पंख्याच्या पात्यांमध्ये लाल-पिवळा चिखल वाळून घट्ट बसला होता. त्यात उदबत्तीची राख होती, तुपाचं मेण होतं, मळणीच्या वेळचा सोयाबीनचा भुसा होता, आणि मधोमध एक अखंड अक्षत, जशी काही कपाळावर लावली असावी. विजयमालाबाईंनी वास घेतला. मग नवऱ्याकडं बघितलं. रूपालीनंही सासऱ्यांकडं बघितलं. रामराव छताकडं बघत होते.

अति तिथं माती म्हणतात. इथं माती नव्हती, कुंकू होतं, एवढाच फरक.

नेमकी तेव्हाच दारात मोटारसायकल थांबली आणि हरीओम आत आला. तो वाईट माणूस नव्हता. फक्त वाशीममध्ये राहून त्याला किन्हीराजातली प्रत्येक गोष्ट थोडी लहान दिसू लागली होती. उघड्या मशीनकडं बघून तो म्हणाला, "काय झालं वहिनी? बसली का म्हातारी?"

रामरावांना वाटलं, आता ही सांगणार. उद्या पारावर, परवा वाशीमच्या स्टँडवर. कॉम्प्युटरवाल्या रामरावानं कॉम्प्युटरले निवद चारला! पत्ता तोच राहील, पण सांगताना लोक हसतील.

रूपालीनं कार्ड सावकाश उलटं करून पदरात घेतलं. "काई नाही भाऊजी. धूळ झाली होती. अंगणातच मळणी झाली न सोयाबीनची."

"मंग? होते का नाही?"

"होते."

"पाहा बरं. उद्या पाडव्याच्या संध्याकाळी येतो. तवापर्यंत झालं त झालं, नाही त सारं पेनड्राइव्हवर द्या, मी रातभर बसतो. पण नाव स्टुडिओचं टाकावं लागन, वहिनी. थो धंद्याचा नियम हाय."

"उद्या या," रूपाली म्हणाली. तो गेला. सुनेनं रामरावांकडं बघितलंही नाही, जुना टूथब्रश शोधायला मोरीकडं गेली. सासऱ्याची लाज राखली आणि राखली असं दाखवलंही नाही. आपल्या घरात आलेली ही पोर किती मोठ्या मनाची आहे, हे रामरावांना त्या घटकेला जसं कळलं तसं लग्नात किंवा नंतरही कधी कळलं नव्हतं.

मग घर कामाला लागलं. रूपालीनं पाती एका बोटानं धरून ब्रशनं एकेक कोपरा मोकळा केला. लाल भुकटी वर्तमानपत्रावर पडत होती, आणि कुंकूच ते, टाकायचं कसं, म्हणून विजयमालाबाई ती तुळशीत नेऊन घालत होत्या. कार्ड स्वच्छ झालं, पण पंखा बोटानं ढकलला तरी अडखळे. आतली दांडी सुकली होती. रूपालीच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा विजयमालाबाई आपल्या शिलाई मशीनच्या खणातून तेलाची चोचवाली बाटली घेऊन आल्या.

"माही मशीन बी अशीच अडते. एक थेंब. दोन नाही. दोन टाकले की कपड्याले डाग पडते."

पंख्याच्या मधोमधचं स्टिकर सोलून रूपालीनं एक थेंब सोडला, थोडं फिरवलं, पुन्हा फिरवलं. पंखा आधी कुरकुरला. मग तिनं फुंकर घातली तर गर्रकन फिरला, आणि फिरतच राहिला. तिघंही हसली.

आता कार्डाच्या चिपवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती, ती नवी लागत होती. गोलू हरभरा पेरायला शेतात होता, म्हणून रामराव स्वतः मोटारसायकल काढून मालेगावला गेले. दिवाळीचा दिवस, अर्धी दुकानं पूजेच्या तयारीत. मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरानं मशीन कोणत्या सालची ते विचारलं, ऐकून डोळे मोठे केले आणि म्हणाला, "काका, पेस्ट कायले लावता? फुलं वाहा तिले आता."

"फुलं वाहूनच त हे झालं," रामराव म्हणाले. पोराला काही समजलं नाही. रामरावांना मात्र एकदा तोंडानं बोलून जरा हलकं वाटलं.

संध्याकाळी नवी पेस्ट लागून कार्ड बसलं, पण अजून झाकण लावलं नव्हतं. लक्ष्मीपूजनाची वेळ झाली. विजयमालाबाई ताम्हण घेऊन आल्या, देवाला, दागिन्याला, धान्याच्या कणगीला कुंकू लागलं, आणि मग दरवर्षीप्रमाणे ताम्हण कॉम्प्युटरपाशी आलं. रामरावांनी चिमूट घेतली. हात उघड्या मशीनपर्यंत गेला आणि थांबला.

रामरावांनी चिमूट ताम्हणात परत टाकली. "अवं," ते बायकोला म्हणाले, "याले नको. जिच्या हातानं हे चालते तिले लाव."

विजयमालाबाईंनी सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं, दोन्ही हातांनाही लावलं. रूपाली वाकून दोघांच्या पाया पडली तेव्हा नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिनं हात स्वच्छ धुतले, पुसले आणि मगच मशीनला लावले. रामरावांनी ती गोष्ट ध्यानात ठेवली.

दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी, फाइल काढायला लावली. पंखा गोड फिरत होता. आकडा चढला, पण सावकाश. निम्म्यावर आली फाइल, निम्म्याच्या पुढं गेली. भागिरथाबाई पडद्यावर आल्या, गेल्या, चौकोन नाही की पट्टी नाही. पण पुढच्या भागात साऱ्या गावाचं एकत्र चित्र होतं, काम जड होतं, आणि आकडा पुन्हा पळायला लागला. रूपालीची बोटं एकमेकांत गुंतली. "जुनं कार्ड हाय. थोडी हवा आणखीन भेटली असती त..."

रामराव उठले. परत आले ते उफणणीचा पंखा ओढत. सोयाबीन वाऱ्यावर धरायचा तो कमरेएवढा लोखंडी पंखा, ज्याच्यासमोर उभं राहिलं तर टोपी अंगणापलीकडं जाते.

"बाबा! धूळ उडन न!"

"थांब त खरी."

त्यांनी पंखा अंगणात नेऊन धुतला, पुसला, पाती फडक्यानं कोरडी केली. विजयमालाबाईंनी ओसरी झाडून सडा घातला. मग पंखा दारात, तोंड मशीनकडं, बराच लांबून, हळू चालीवर. कणगीवरचं फडकं फडफडलं, भिंतीवरचं कॅलेंडर उलटं झालं, पण मशीनच्या उघड्या पोटात नुसता गार, स्वच्छ वारा जात होता. आकडा थबकला. मग उतरला. रामराव पंख्याच्या मागं उभे राहून त्याची मान एका हातानं धरून होते, कोणी हलवू नये म्हणून. शाल त्यांनी घडी करून पेटीच्या तळाशी घातली होती.

दुपार कलताना फाइल पूर्ण झाली.

संध्याकाळी हरीओम आला तेव्हा दारात उफणणीचा पंखा, उघडी मशीन आणि पडद्यावर किन्हीराजा. तो हसायच्या बेतानं उभा राहिला होता. मग बसला. लखमा बोलू लागला तसा पुढं सरकला. भागिरथाबाईंनंतर त्यानं रुमाल काढला. शेवटी पडद्यावर अक्षरं आली: रूपाली गोटे, किन्हीराजा.

"वहिनी," तो म्हणाला, "मले असं नसतं जमलं. मी गाणे टाकले असते." आणि रामरावांना म्हणाला, "काका, पडदा न प्रोजेक्टर माह्याकडून."

भाऊबीजेला लेकी आल्या. एस्टीनं आल्या, ऑटोनं आल्या, नवऱ्याच्या मोटारसायकलींवर लेकरं मध्ये बसवून आल्या. कोणाचे केस पिकलेले, कोणाची हळद अजून उतरायची. शाळेच्या पटांगणात सिनेमा लागला तेव्हा आधी गलका होता. शाळेमागची बोर दिसली तसा गलका थांबला. उज्ज्वला सुरतेहून आली होती, आईशेजारी बसली होती. पडद्यावरची आई म्हणाली, "दोर बदलला, झोका तोच हाय," आणि उज्ज्वलानं शेजारच्या आईच्या मांडीत तोंड खुपसलं. सारं पटांगण हुंदके देत होतं. मग लखमा गाईंची नावं घेऊ लागला आणि त्याच बाया डोळे पुसत खदखदा हसू लागल्या.

सिनेमा संपला. सरपंचांनी माइक रामरावांकडं दिला. गावाला वाटलं, आता कंडक्टर येणार. विजयमालाबाईंनाही तेच वाटलं.

"मी एक सांगतो," रामराव म्हणाले. "हा सिनेमा परवा बंद पडला होता. धूळ झाली होती, असं माही सून सांगते. ते खोटं हाय. धूळ नव्हती. मी दसऱ्याले चालू मशीनच्या पोटात हळद-कुंकू टाकलं, उदबत्त्या घातल्या, अन् वरून शाल पांघरली. तिचा पंखा मी बंद पाडला."

पटांगण हसलं, असं हसलं की मागच्या झाडावरचे बगळे उडाले. रामराव हसू ओसरेपर्यंत थांबले. त्यांना लाज वाटली नाही, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"हसा. हसासारखंच हाय. पण या पोरीनं माह्यासाठी ते पदरात झाकलं. अन् झाकल्या पदरानं काम पुरं केलं. लोक म्हंतात, सून नाही, आमची लेक हाय. मी तसं नाही म्हणणार. लेक थे मेडशीची हाय. तिले शिकवलं मेडशीनं, तिले वाढवलं मेडशीनं, त्याईचा मान त्याईले. आमची सून हाय थे. अन् मले सून म्हणाचाच अभिमान हाय. आज साऱ्या लेकी माहेरी आल्या. तुमच्यासाठी एक लेक तिच्या माहेरी गेली नाही. एवढंच सांगाचं होतं."

ओटीचा कार्यक्रम सुरू झाला. गावच्या सुना परातीत तांदूळ, नारळ, खण घेऊन उभ्या होत्या, लेकी रांगेनं येत होत्या. पाहुणीचा मान लेकींचा, राबायचं सुनांनी, हे ठरलेलंच. रूपाली एका बाजूला प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होती.

शेवटची ओटी उज्ज्वलाची होती. ती भरून झाली तशी उज्ज्वला हलली नाही. तिनं विजयमालाबाईंच्या हातातली परात घेतली, सरळ प्रोजेक्टरपाशी गेली आणि म्हणाली, "वायर ठेव खाली. पदर धर."

"मी? अवं ताई, मी त इथली सून..."

"म्हणूनच. आमच्या गावच्या झोक्याचा दोर आता तुह्या हातात हाय. धर पदर."

रूपालीनं पदर पुढं केला. उज्ज्वलानं ओंजळ भरून तांदूळ घातले, नारळ ठेवला. तिच्यामागं दुसरी लेक येऊन उभी राहिली, तिच्यामागं तिसरी. कोणी न सांगता किन्हीराजाच्या लेकींची रांग मेडशीच्या लेकीसमोर लागली. पदर जड होत चालला तसा विजयमालाबाईंनी खालून हात लावला.

रामराव खांबाला टेकून उभे होते. हरीओम शेजारी आला आणि त्यानं त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. "काय झालं काका? डोळ्यात काई गेलं का? धूळ?"

"काई गेलं नाही," रामराव म्हणाले. "रडून राह्यलो."